ओसरत्या ओलीत अळसांदे पेरताना बियाण्याचे भिजवण

पावसाळी भात कापून झाल्यावर शेतात उरलेल्या ओलीवर अळसांदे, म्हणजे गोव्यातली चवळी, पेरण्याची रीत गोव्यात जुनी आहे. परंतु कापणी लांबली आणि तेवढ्यात मातीचा वरचा थर सुकला, की दाणा अर्धवट फुगतो आणि तिथेच अडतो. पाण्याच्या अशा ओढीत बियाण्याच्या पेशींमध्ये हायड्रोजन पेरॉक्साइडसारखी द्रव्ये साचून पेशींची आवरणे दुखावतात. पेरणीपूर्वी बियाणे ॲस्कॉर्बिक आम्लाच्या, म्हणजेच क जीवनसत्त्वाच्या, सौम्य द्रावणात भिजवून पुन्हा सुकवल्यास ही हानी काही प्रमाणात आटोक्यात राहते आणि उगवण लवकर व एकसारखी होण्यास मदत होते.

लिटरला 100 मिलिग्रॅम एवढे प्रमाण पुरते. स्वयंपाकघरातल्या काट्यावर इतके बारीक वजन होत नाही, म्हणून 5 ग्रॅम शुद्ध भुकटी विरघळवून अर्धा लिटर द्रावण करावे आणि त्यातले 10 मिलिलिटर घेऊन पाण्याने 1 लिटर पुरे करावे. चघळण्याच्या नारिंगी गोळ्या नकोत, कारण त्यांत साखर आणि रंगही असतो. द्रावण त्याच दिवशी वापरावे. न्हाणीतले तांब्याचे भाण कितीही सोयीचे वाटले तरी त्यात बियाणे भिजवू नये, कारण तांब्याच्या संपर्कात हे आम्ल झपाट्याने निकामी होते. प्लास्टिकची बादली बरी.

खरी मेख वेळेत आहे. अळसांद्यांना 4 ते 6 तास पुरतात, तर वायंगणी, म्हणजे पावसाळ्यानंतरच्या हंगामातल्या, भाताला 12 तास किंवा त्याहून अधिक लागतात. अळसांद्याची साल आधी सुरकुतते आणि आतला दाणा फुगला की पुन्हा ताणली जाते, म्हणून तासातासाने दोन-चार दाणे काढून पाहावेत. डोळ्याजवळ पांढरे टोक दिसले, तर ते बियाणे सुकवू नये, थेट ओल्या जमिनीत पेरावे. सुकवल्यास कोवळा मोड मरतो. टोक दिसण्यापूर्वी काढलेले बियाणे स्वच्छ पाण्याने धुऊन सावलीत, सुपात पातळ पसरून सुकवावे आणि 1 किलोचे वजन पुन्हा 1 किलोच्या आसपास आले, की थांबावे. बुरशीनाशक लावून आलेले बियाणे भिजवू नये. रायझोबियम, म्हणजे मुळांवर गाठी करून हवेतला नत्र पिकाला मिळवून देणारे जिवाणू, लावायचे असल्यास ते बियाणे सुकवल्यानंतर, पेरणीच्या तोंडावर लावावे.

पहिल्या वर्षी सगळे बियाणे भिजवू नये. कमी पाणी दिलेल्या कुंड्यांत कोरडे, साध्या पाण्यात भिजवून सुकवलेले आणि द्रावणातले असे प्रत्येकी 50 दाणे लावून रोज उगवलेली रोपे मोजावीत. पुष्कळदा साधे पाणीच बरेचसे काम करते, आणि शेवटच्या दोहोंत फरक दिसला नाही, तर भुकटीवर खर्च करण्याचे कारण नाही.

शेतात मात्र बोटभर खोलीवरची माती मुठीत दाबून पाहावी. गोळा होत नसेल, तर कोणतेही द्रावण कामी येणार नाही, आधी हलके पाणी द्यावे. प्रक्रिया केलेले बियाणे फार टिकत नाही, त्यामुळे ते आठवडाभरात पेरावे आणि पुढच्या वर्षासाठी ठेवायचे बियाणे भिजवण्यापूर्वीच वेगळे काढावे.