थँक्सगिव्हिंगच्या आधी जुन्या फर्नेसची तयारी (जादा इग्नायटर घेऊन ठेवा)

इकडे शिकागोच्या आसपास आपल्या मंडळींच्या ग्रुपवर दर डिसेंबरला हा मेसेज येतोच. घरात आई-बाबा भारतातून आलेत, बाहेर बर्फ, हीटिंग बंद पडलंय, आणि कंपनी म्हणतेय सोमवारपर्यंत कुणी मोकळं नाही. म्हणून एकदाची सगळी तयारी लिहून ठेवतोय. ज्यांचा गॅसचा फर्नेस, म्हणजे घर तापवणारी भट्टी, पंधरा वर्षांच्या पुढे गेलाय त्यांच्यासाठी मुख्यतः.

सगळ्यात आधी इग्नायटर, म्हणजे फर्नेसमधला गॅस पेटवणारा छोटा भाग. एक जादा इग्नायटर, तुमच्याच मॉडेलचा, घरात आणून ठेवा. २०२२ च्या ख्रिसमसला ती मोठी थंडीची लाट आली होती, पारा शून्य फॅरनहाइटच्या खाली, म्हणजे उणे १८ सेल्सियसच्याही खाली गेला होता, तेव्हा आमच्याकडे बाकी सगळी तयारी होती, फिल्टर नवा, टेक्निशियनचा नंबर फ्रिजवर, जादा पैसे द्यायची तयारी. शुक्रवारी रात्री फर्नेस बंद पडला, आणि टेक्निशियन त्याच रात्री आलासुद्धा. झाकण उघडून त्याने लगेच सांगितलं, इग्नायटरला तडा गेलाय. पण त्या मॉडेलचा इग्नायटर त्याच्या गाडीत नव्हता, आणि तो जिथून पार्ट घेतो तो होलसेलचा काउंटर थेट मंगळवारी उघडणार होता. म्हणजे माणूस हजर, पार्ट नाही. हे मी विचारातच घेतलं नव्हतं. सगळे विचारतात टेक्निशियन सुट्टीत येतो का, पण पार्टचं दुकान सुट्टीत उघडं असतं का हे कुणी विचारत नाही, आणि जुन्या फर्नेसचं घोडं नेमकं तिथेच अडतं.

इग्नायटरच का, तर फर्नेस सुरू कसा होतो ते बघा. थर्मोस्टॅटने हीट मागितली की आधी धूर बाहेर ढकलणारा छोटा पंखा फिरतो, मग प्रेशर स्विच हवा नीट जातेय ना ते बघतो, मग इग्नायटर लालभडक तापतो, मग गॅस सुटतो आणि पेटतो, आणि फ्लेम सेन्सरला ज्योत कळली तरच गॅस चालू राहतो. यातला इग्नायटर हा सगळ्यात नाजूक. जुन्या फर्नेसमध्ये तो बऱ्याचदा सिलिकॉन कार्बाइडचा असतो, ठिसूळ, दर वेळी तापून आणि थंड होऊन थकत जातो, साधारण तीन ते सात वर्षांत जातो. आणि जास्तीत जास्त वेळा तापतो कधी, तर कडाक्याच्या थंडीत. म्हणजे तो जाणार तेव्हाच जाणार जेव्हा सगळं बंद असेल. सिलिकॉन नायट्राइडचे जास्त टिकतात, तुमच्या मॉडेलला चालत असेल तर तोच बसवून घ्या आणि जुना चालू स्थितीतला काढून स्पेअर म्हणून ठेवा. फार जुन्या फर्नेसला कायम पेटती पायलट ज्योत असते, त्यांना हा मुद्दा लागू नाही.

पार्ट घ्यायचा तर नंबर हवा. फर्नेसचं पुढचं झाकण काढलं की आत स्टिकर असतो, त्यावर मॉडेल नंबर आणि सीरियल नंबर, त्याचा फोटो काढा. शेजारी बहुतेक वेळा, आतला छोटा दिवा किती वेळा लुकलुकला तर काय बिघाड, याचा तक्ताही चिकटवलेला असतो, त्याचाही फोटो काढा. खंडेनवमीला आपण अवजारं, गाड्या पुसून पूजा करतोच, त्याच दिवशी बेसमेंटमध्ये उतरून हे करून टाका, म्हणजे लक्षात राहतं. होलसेल काउंटरवाले बरेचदा घरमालकाला पार्ट देत नाहीत, त्यामुळे ट्यून-अपला (वार्षिक तपासणी-साफसफाईला) येणाऱ्या माणसाकडूनच मागवा किंवा फोटोतल्या मॉडेल नंबरवरून ऑनलाइन मागवा, पण प्लग आणि ब्रॅकेट जुळतंय ना ते त्याला दाखवून घ्या. तापणाऱ्या भागाला बोट लावू नका, हाताचं तेल लागलं की तिथेच तडा जातो असं टेक्निशियन सांगतात, मूळ खोक्यातच ठेवा, आणि खोकं फर्नेसच्याच शेजारी भिंतीला टेपने लावा. गराजच्या कपाटात ठेवलं तर ऐन वेळी सापडत नाही. स्वतः बसवायचा की नाही हे तुमचं तुम्ही ठरवा, नसेल जमत तर नका बसवू, टेक्निशियनच्या हातात दिला तरी काम झालं.

आता ट्यून-अप. ऑक्टोबरमध्ये करून घ्या, दिवाळीच्या आधी. २०२६ ला लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे आणि थँक्सगिव्हिंग २६ नोव्हेंबरला, मधल्या दिवसांत पहिली थंडी पडते आणि सगळ्यांचे फोन एकदम जातात. नुसतं "चेक करा" म्हणू नका, तो फिल्टर बघून बिल देऊन जाईल. त्याला सांगा की फ्लेम सेन्सर काढून घासून साफ कर, इग्नायटरचा रेझिस्टन्स मीटरवर मोज आणि आकडा लिहून दे, हीट एक्स्चेंजर (ज्योतीची उष्णता घरातल्या हवेला देणारा धातूचा भाग) बघ, ड्रेन साफ कर. फ्लेम सेन्सरची लक्षणं ओळखायला शिका, बर्नर पेटतो, काही सेकंद चालतो, विझतो, पुन्हा पेटतो, दोन-चार वेळा असं होऊन फर्नेस स्वतःला लॉक करतो. सेन्सरचा दांडा बारीक स्टील वूलने घासला की बहुतेक वेळा काम होतं, दहा मिनिटांचं काम आहे आणि सुट्टीच्या दिवशी त्यासाठी इमर्जन्सीचे पैसे जातात. इग्नायटर मोजलाय ना, हे तो जायच्या आधी पुन्हा विचारा.

मग सुट्ट्यांचं वेळापत्रक. इथे तीन वेळापत्रकं आहेत आणि तिन्ही एका कागदावर हवीत. पहिलं सर्व्हिस कंपनीचं. "२४ तास" लिहिलेलं असतं, पण विचारा की २४ तास फोन उचलता की २४ तास माणूस पाठवता, सुट्टीचा दर काय, आणि जुन्या ग्राहकाला आधी पाठवता का. बहुतेक ठिकाणी वार्षिक करार असलेल्यांना आधी घेतात, पडत्या थंडीत ज्यांच्या घरी म्हातारी माणसं किंवा तान्हं मूल आहे त्यांनाही आधी घेतात, तर ते आधीच सांगून ठेवा. सुट्टीत एक-दोनच माणसं ऑन-कॉल असतात आणि त्यांनाही घरदार असतं, म्हणून फोनवर चिडून उपयोग नाही, जो बिघाड दिसतोय तो नीट सांगा, दिवा किती वेळा लुकलुकतोय ते सांगा, मॉडेल नंबर सांगा, म्हणजे तो योग्य पार्ट घेऊन निघेल.

दुसरं पार्टच्या काउंटरचं. २०२६ ला ख्रिसमस शुक्रवारी आहे आणि १ जानेवारी २०२७ लाही शुक्रवारच, म्हणजे लागोपाठ दोन वीकेंड तीन-तीन दिवसांचे, त्यात गुरुवारी दुपारनंतर लवकर बंद करणारेही असतात. टेक्निशियनलाच विचारा, तुझं सप्लाय हाऊस कधी बंद आहे, सुट्टीत त्यांचा कुणी उघडून देतो का. काही ठिकाणी जादा पैसे घेऊन उघडून देतात, काही ठिकाणी नाही. याचं उत्तर काहीही आलं तरी इग्नायटर घरात हवाच.

तिसरं तुमचं स्वतःचं. घरातलं कुणी हॉस्पिटलमध्ये कामाला असेल तर सुट्टीची ड्युटी लागणारच, आयटीवाल्यांना वर्षअखेरीचं ऑन-कॉल, आणि कंपनी वेळ देते "आठ ते बारा". त्या वेळात दार उघडणारं मोठं माणूस घरात कोण आहे ते तारखेनुसार लिहा. आई-बाबा आले असतील तर थर्मोस्टॅटशेजारी मराठीत एक कागद लावा, ६८ म्हणजे २० सेल्सियस, हा नंबर सर्व्हिसवाल्याचा, आणि गॅसचा वास आला तर कुठलंही बटण न दाबता आधी घराबाहेर पडायचं आणि बाहेरून गॅस कंपनीच्या इमर्जन्सी नंबरला फोन करायचा, तो सुट्टीतही चालू असतो. त्यांना बेसमेंटमधला फर्नेसचा स्विचही दाखवा, तो अगदी दिव्याच्या बटणासारखा दिसतो आणि पाहुण्यांपैकी कुणीतरी दिवा समजून बंद करतं. आणि फोन करण्याआधी हा स्विच, ब्रेकर, झाकण नीट बसलंय का, थर्मोस्टॅटच्या बॅटऱ्या, एवढं बघा. झाकण सैल असेल तर आतला सेफ्टी स्विच फर्नेस सुरूच होऊ देत नाही.

फिल्टर बदला, जादा दोन ठेवा, साइझ जुन्यावर लिहिलेली असते. फार दाट फिल्टर जुन्या फर्नेसला लावू नका, हवा कमी खेचली जाते, आत तापमान चढतं आणि लिमिट स्विच बर्नर बंद करतो.

बाहेरचे पाइप बघा. ज्यांचा फर्नेस जास्त एफिशियन्सीचा आहे त्यांच्या भिंतीतून पांढरे पीव्हीसी पाइप बाहेर आलेले असतात, बर्फ साचून ते बुजले की प्रेशर स्विच फर्नेस बंद ठेवतो, बरोबरच करतो. वादळानंतर फावडं घेऊन तेवढी जागा मोकळी करा, ड्राइव्हवे नंतर. अशाच फर्नेसमधून पाणीही निघतं, त्याचा ड्रेन पाइप गराजमधून किंवा बाहेरच्या भिंतीजवळून जात असेल तर गोठतो, त्याला फोमचं आवरण घाला.

कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म. यात चालढकल नको. इलिनॉयमध्ये प्रत्येक झोपायच्या खोलीपासून १५ फुटांच्या आत तो असणं कायद्याने बंधनकारक आहे, पण नुसता असून भागत नाही, त्याचं आयुष्य पाच ते दहा वर्षं असतं, मागे तारीख छापलेली असते, ती बघा. जुन्या फर्नेसचा हीट एक्स्चेंजर तडकू शकतो, त्यातून हा वायू घरात येऊ शकतो, आणि त्याला वास नसतो. डोकं दुखतंय, मळमळतंय आणि ते घरातल्या सगळ्यांना एकदम होतंय, तर सर्दी-पडसं समजून झोपू नका, सगळ्यांना घेऊन बाहेर पडा आणि ९११ ला फोन करा. आणि हीटिंग गेलं म्हणून ओव्हन उघडा ठेवून घर तापवायचं नाही, ग्रिल किंवा कोळशाची शेगडी तर घरात अजिबात आणायची नाही. गावाकडे शेगडी पेटवून बसायची सवय असलेल्या वडीलधाऱ्यांना हे नीट समजावून सांगा, इथली घरं सगळीकडून बंद असतात.

तात्पुरत्या उबेसाठी विजेचे दोन हीटर आत्ताच घ्या, थंडी पडल्यावर दुकानात शिल्लक राहत नाहीत. १५०० वॉटचा एक हीटर साडेबारा अँपिअर खेचतो, आणि आपल्या खोल्यांचं सर्किट बहुतेक १५ अँपिअरचं असतं, म्हणून एका सर्किटवर एकच, थेट भिंतीच्या प्लगमध्ये, एक्स्टेंशन कॉर्ड नाही, पडदे-पांघरुणांपासून तीन फूट लांब. कुठले दोन प्लग वेगळ्या सर्किटवर आहेत ते आधीच बघून चिठ्ठी लावा. पण हीटर म्हणजे पर्याय समजू नका. २०२२ च्या त्याच ख्रिसमसला आमच्या भागाची ग्रिड सांभाळणाऱ्या पीजेएमने लोकांना वीज जपून वापरा असं आवाहन केलं होतं, दक्षिणेकडे तर काही ठिकाणी आळीपाळीने वीज बंदही केली. दोन हीटरवर एक खोली निभते, घर नाही. घर निभतं फर्नेसवर, आणि फर्नेस अडतो इग्नायटरवर. घेतला का?

ट्यून-अपमध्ये हीट एक्स्चेंजर तडकलाय असं निघालं तर टेक्निशियन लाल टॅग लावून गॅस बंद करतो. हे ऑक्टोबरमध्ये झालं तर तुमच्याकडे वेळ आहे, २३ डिसेंबरला झालं तर जो मिळेल त्याच्याकडून जे मिळेल ते घ्यावं लागतं. म्हणून फर्नेस वीस वर्षांच्या जवळ असेल तर बिघाड नसतानाच दोन-तीन कोटेशन मागवा. तडा फोटोत दाखव म्हणा, आणि घराचा हिशोब करून साइझ काढ म्हणा, जुन्यावरचा आकडा बघून नाही. ग्रुपवर अजून कुणीतरी नव्या फर्नेसवर फेडरल टॅक्स क्रेडिट मिळतं म्हणून सांगत असतं, ते ३१ डिसेंबर २०२५ ला संपलं, ते धरून बजेट करू नका. होम वॉरंटी असेल तर मंजुरी देणारं ऑफिस सुट्टीत चालू असतं का ते विचारा, मंजुरीआधी दुरुस्ती केली तर पैसे बुडू शकतात.

डिसेंबरमध्ये भारतात जाणार असाल तर: हीटिंग बंद करून जायचं नाही, किमान ५५ फॅरनहाइटवर ठेवायचं, जुन्या घरात ६०. पाण्याचा मुख्य व्हॉल्व्ह बंद. किल्ली शेजाऱ्याकडे, आणि तापमान घसरलं की फोनवर मेसेज येईल असा थर्मोस्टॅट किंवा सेन्सर. घर तापलेलं ठेवलं नाही आणि पाइप फुटले तर इन्शुरन्सवाले हात वर करू शकतात. इग्नायटरचं खोकं कुठे आहे ते शेजाऱ्याला दाखवून जा.

एसीचं थोडक्यात. थंडीत चालवून बघू नका, साधारण ६० फॅरनहाइटच्या खाली कॉम्प्रेसरला त्रास होतो, ते सप्टेंबरमध्ये नाहीतर एप्रिलमध्ये. बाहेरच्या युनिटला पूर्ण गुंडाळू नका, ओल आत कोंडते, वरून झाकलं तरी पुरे. एसी आर-२२ या थंड करणाऱ्या जुन्या गॅसवरचा असेल तर त्याचं उत्पादन आणि आयात अमेरिकेत १ जानेवारी २०२० पासून बंद आहे, गळती निघाली तर भरत बसू नका, बदलायचा विचार करा. आर-४१०ए वाली नवी युनिटं बनवणंही २०२५ पासून बंद झालंय, तेव्हा कोटेशनमध्ये कुठला गॅस लिहिलाय ते बघा. मेमोरियल डे (मे अखेरची सुट्टी) आणि ४ जुलैलाही टेक्निशियन आणि काउंटरचं हेच होतं, तिथे इग्नायटरच्या जागी कपॅसिटर, म्हणजे एसीच्या मोटरला सुरू व्हायला मदत करणारा भाग. त्याचा नंबर बाहेरच्या युनिटच्या झाकणाआड असतो, पण वीज काढली तरी त्यात चार्ज राहतो, शॉक बसू शकतो, हात घालू नका, टेक्निशियनकडूनच लिहून घ्या आणि एक जादा मागवा.