भेटल्यावर 'गुड नाईट' म्हणू नका, आणि आणखी काही चुका

संध्याकाळी सातला क्लासला आलेलं पोरगं दारातूनच 'गुड नाईट सर' म्हणालं की आजही माझ्या पोटात गोळा येतो.

पूर्वी मी सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेलच्या कारखान्यात परदेशी पत्रव्यवहार बघायचो. एकदा परदेशचं गिऱ्हाईक साडेसातला पोचलं. गेटवर हार घेऊन उभ्या असलेल्या नव्या पोरानं मोठ्या हौसेनं 'गुड नाईट सर' म्हटलं. पाहुणा थबकला, घड्याळ बघितलं आणि 'सॉरी, आय विल कम टुमारो' म्हणत गाडीकडं वळला. त्याला वाटलं, कारखाना बंद झाला. मी पळत जाऊन त्याला आत आणलं, माल दाखवला, चहा झाला. बाहेर आलो तर पोरगा हार हातात धरून तसाच उभा. पुढं कित्येक महिने तो इंग्रजीचा शब्द बोलला नाही. एवढ्याशा चुकीनं त्याची हौसच मेली, हे मला फार लागलं.

आपला 'नमस्कार' सकाळी चालतो, रात्री चालतो, येताना चालतो, निघतानाही चालतो. त्यामुळं घड्याळाकडं बघायची सवयच नाही. इंग्रजीत कितीही अंधार पडू दे, भेटताना 'गुड इव्हनिंग'च. 'गुड नाईट' निघताना किंवा झोपायला जाताना. फ्रेंचमध्येही भेटताना 'बोंस्वार', झोपताना 'बॉन न्वी'. जपानीत 'कोम्बानवा' वेगळं, 'ओयासुमी नासाई' वेगळं. मी पोरांना एकच सांगतो: चप्पल पायात सरकवल्याशिवाय 'नाईट' तोंडातून काढायचं नाही.

'मायसेल्फ अमुक तमुक' बंद करा. 'आय अॅम' म्हणा, पुरे.

'हाऊ आर यू'ला गुडघेदुखी सांगत बसू नका. 'फाइन, थँक यू' म्हणा आणि उलट विचारा.

'अस्सलामु अलैकुम'ला तेच शब्द परत करू नका. उत्तर 'व अलैकुम अस्सलाम' असतं.

मुलाखतीत 'व्हॉट्स अप' म्हणणाऱ्यांना मी विचारतो, मित्राच्या वडलांना 'काय बे' म्हणशील का? नवी पेठेत दोस्ताला 'काय बे' म्हणण्यात माया आहे. साहेबापुढं तेच उद्धटपणा.

आता माझ्या गावची चूक. सोलापुरात मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू एकाच गल्लीत ऐकू येतात, म्हणून पोरं एका दुपारी मोबाईलवर चार भाषांतलं 'कसे आहात' घोकतात. या घाईचा मला मनापासून राग आहे. माझा एक विद्यार्थी पूर्व भागात एका तेलुगू मित्राच्या घरी गेला आणि आजीला म्हणाला, 'बागुन्नावा?' आजी काही बोलल्या नाहीत, पदर सावरून आत गेल्या. तो शब्द 'कशी आहेस तू' असा आहे, बरोबरीच्याला म्हणायचा. मोठ्यांना 'बागुन्नारा' म्हणायचं. तेलंगणाकडून आलेल्या घरांत 'मंचिगुन्नारा'ही कानावर पडतं. कन्नडमध्येही 'हेगिद्दीया' सवंगड्याला, 'हेगिद्दीरा' वडीलधाऱ्यांना. नवीन भाषेत मी आधी मानाचंच रूप शिकतो, एकेरी नंतर. मित्राला मान दिला तर तो हसेल फक्त. आजींसाठी मी त्या पोराला मानाचं 'नमस्कारमंडी' शिकवून परत पाठवलं, तेव्हा त्यांनी त्याला जेवू घालूनच सोडलं.

फोनचं राहिलं. 1877 मध्ये फोनचा शोध लावणाऱ्या ग्रॅहम बेलला 'अहॉय' हवं होतं, एडिसननं 'हॅलो' सुचवलं आणि तेच टिकलं. पण फोन आपण लावायचा आणि 'हॅलो, कोण बोलतंय?' असं समोरच्यालाच विचारायचं, हे कुठल्याच भाषेत शोभत नाही. आधी आपलं नाव, मग काम, मग 'आत्ता बोलायला वेळ आहे का' एवढं विचारा.