सोलापुरात नव्याने आलात? गाइड कुठे घ्यावा आणि कुठे स्वतःच फिरावं

बदलीवर, नोकरीनिमित्त किंवा शिकायला सोलापुरात येऊन खोली लावली की महिन्या-दोन महिन्यांत पाहुण्यांचे फोन सुरू होतात. "शनिवार-रविवार येतोय, अक्कलकोट, तुळजापूर, पंढरपूर सगळं करून टाकू." मग बहुतेक नवे लोक एखाद्या टूरवाल्याचा एकदिवसीय दौरा ठरवून मोकळे होतात. ही घाई करू नका. इथे राहायला आलेल्या माणसाच्या हाताशी वर्ष असतं. ऋतू बघून, गर्दीचे दिवस टाळून, एकेक ठिकाण नीट पाहता येतं. शहराचं आणि भोवतालचं खरं मोल असंच कळतं.

ठरवायची रीत सोपी आहे. पाहायची गोष्ट समोर दिसते आहे आणि वाट सरळ आहे, तिथे गाइडची गरज नाही. भाषा अडते, परवानगी लागते किंवा नेमकं कुठे बघायचं हे कुणी बोट दाखवल्याशिवाय कळत नाही, तिथे माहीतगाराला पैसे द्यावेत आणि आनंदाने द्यावेत. देवस्थानं बहुतेक पहिल्या प्रकारात मोडतात. इतिहासाच्या जागा बऱ्याचदा दुसऱ्या.

आधी त्या तीन देवस्थानांचा हिशेब मांडू. अक्कलकोट सोलापूरपासून साधारण ४० किमी, तुळजापूर ४५, पंढरपूर ७२. तिन्हींच्या दिशा वेगवेगळ्या. दर वेळी सोलापुरात परत यायचं म्हटलं तर तीनशे किमीच्या वर प्रवास होतो, म्हणजे सहा-सात तास नुसते गाडीत. अक्कलकोटहून नळदुर्गमार्गे परस्पर तुळजापूरला गेलं तरी अंतर थोडंच वाचतं. दिवस मावळायच्या आत तिन्ही उरकायची म्हणजे रांगेसाठी वेळ उरत नाही, म्हणून पंढरपुरात बहुतेक टूर मुखदर्शनावर भागवतात. घरातल्या वडीलधाऱ्यांना विठ्ठलाच्या पायावर डोकं ठेवायचं असेल, तर पदस्पर्श दर्शनाची रांग वेगळी असते आणि ती सुट्टीच्या दिवशी काही तास खाते. तेव्हा पंढरपूरला स्वतंत्र दिवस द्या. अक्कलकोट अर्ध्या दिवसात होतं. तुळजापूरला नळदुर्गचा किल्ला जोडला की एक छान पूर्ण दिवस होतो.

या तिन्ही ठिकाणी एसटी पुरेशी आहे. महिलांना अर्धं तिकीट, ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांना अर्धं आणि ७५ च्या पुढच्यांना मोफत प्रवास मिळतो. वयाच्या पुराव्यासाठी आधार कार्ड जवळ ठेवायला सांगा. चार माणसांच्या कुटुंबात आजी-आजोबा असतील तर गाडीभाड्याच्या तुलनेत एसटीचा खर्च अगदीच किरकोळ पडतो. गाडी करावी ती गुडघेदुखीचं माणूस सोबत असेल, लहान बाळ असेल किंवा रात्री उशिरा परतायचं असेल तेव्हा.

वार मात्र बघा. अक्कलकोटला गुरुवारी, तुळजापूरला मंगळवारी, शुक्रवारी आणि पौर्णिमेला, पंढरपूरला एकादशीला गर्दी असते. नवरात्रात तुळजापूर आणि आषाढी-कार्तिकीला पंढरपूर ही वारकऱ्यांची, भक्तांची वेळ. पाहुणे घेऊन फिरायची नव्हे. कोजागरीच्या सुमारास सोलापूरहून तुळजापूरला हजारो लोक रात्रभर चालत जातात आणि त्या रस्त्यावरची वाहनं दुसरीकडून वळवतात. त्या दिवसांत ४५ किमीचा हिशेब धरून निघालेला माणूस हमखास अडकतो. तुळजापुरात अभिषेक किंवा कुलाचार करायचा असेल तर दक्षिणा आणि साहित्याचा खर्च आधीच स्पष्ट विचारून घ्या. सशुल्क दर्शनाचा पास संस्थानच्या खिडकीवरूनच घ्यावा, रांगेत गाठ घेणाऱ्या मधल्या माणसाकडून घेऊ नये.

आता शहर. सोलापूरचा गाभा पायी फिरण्याजोगा आहे. भुईकोट किल्ला, सिद्धेश्वर तलाव, तलावातलं मंदिर, पार्क चौक, चार हुतात्म्यांचे पुतळे, महापालिकेची इंद्रभुवन इमारत हे सगळं एका सकाळच्या चालण्यात बसतं. मार्च ते मे या काळात नऊच्या आत घरी परत आलं पाहिजे, कारण इथे पारा चाळिशी सहज ओलांडतो आणि किल्ल्यात सावली कमी आहे. डोक्याला टोपी-उपरणं आणि माणशी लिटरभर पाणी, यात काटकसर नको. पावसाळ्यानंतर फेब्रुवारीपर्यंतचे दिवस उत्तम.

किल्ला गाइडशिवाय पाहता येतो, पण तयारीशिवाय पाहिला तर नुसत्या भिंती दिसतात. किल्ला बहमनी काळातला. दुहेरी तटबंदी, भोवती खंदक, एका अंगाला सिद्धेश्वर तलावाचं पाणी. जमिनीवरचा किल्ला कसा राखायचा याचं उत्तर या रचनेतच आहे: बाहेरची भिंत पडली तरी आतली, अधिक उंच भिंत लढायला उरते, आणि तलावाच्या बाजूने शत्रूला तोफा लावायला जागाच मिळत नाही. निजामशाही आणि आदिलशाही यांच्यात हा किल्ला अक्षरशः हुंड्याचा विषय झाला होता. १५२४ मध्ये आदिलशाही राजकन्येचं लग्न बुऱ्हाण निजामशाहाशी झालं तेव्हा सोलापूर द्यायचं कबूल झालं, ते दिलं गेलं नाही आणि त्यावरून लढाया झाल्या. पुढे निजामशाही राजकन्या चांदबिबीच्या लग्नात तो उलट दिशेने आदिलशाहीकडे गेला. १८१८ मध्ये इंग्रजांनी तो पेशव्यांकडून घेतला. एवढं वाचून आत गेलात तर बत्तीस खांबी वास्तू आणि उत्खननात सापडलेले कपिलसिद्ध मल्लिकार्जुन मंदिराचे अवशेष यांचा क्रम मनात लागतो. इतिहासप्रेमी मंडळी अधूनमधून वारसा फेरी काढतात, त्यांची सूचना स्थानिक दैनिकांत येते. ती संधी मिळाली तर सोडू नका. इथे गाइडला जे पैसे दिले असते, त्याहून कितीतरी जास्त त्या फेरीत मिळतं.

सिद्धेश्वर मंदिरात कुणाची गरज नाही. बाराव्या शतकातल्या सिद्धरामेश्वरांची समाधी आवारातच आहे. त्यांनी शहराच्या पंचक्रोशीत ६८ लिंगं स्थापली, अशी परंपरा आहे. ती सगळी शोधायची हौस असेल तर मात्र एखादा जुना सोलापूरकर सोबत घ्या. कितीतरी लिंगं बोळात, वाड्याच्या पोटात किंवा शेताच्या बांधाला आहेत आणि नकाशावर शोधून सापडत नाहीत.

हुतात्म्यांच्या पुतळ्यांपाशी पाहुण्यांना थांबवून सांगा: मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, अब्दुल रसूल कुर्बान हुसेन आणि जगन्नाथ शिंदे. मे १९३० मध्ये सोलापुरात लष्करी कायदा लागू झाला आणि १२ जानेवारी १९३१ रोजी या चौघांना येरवड्यात फाशी दिलं. वेगवेगळ्या समाजांतली चार नावं एकत्र येणं हे या गिरणगावाचंच वैशिष्ट्य. भैय्या चौकातलं डॉ. द्वारकानाथ कोटणीस स्मारकही याच फेरीत घ्या, रिक्षाने जा. रिक्षात बसण्याआधी भाडं ठरवा, मीटरवर विसंबू नका.

पूर्व भाग ही वेगळी गोष्ट आहे. तेलुगू भाषक पद्मशाली विणकरांची ही वस्ती. चादर आणि टॉवेल इथल्या यंत्रमागांवर निघतात आणि दोन्हींना भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. मार्कंडेय मंदिर स्वतः जाऊन पाहा, नारळी पौर्णिमेचा रथोत्सव आवर्जून पाहा. पण माग पाहायचे असतील तर ओळखीच्या माणसाशिवाय जाऊ नका. कारखाना म्हणजे बहुतेकदा घराला लागून असलेलं पत्र्याचं शेड असतं, तिथे माणसं पगारावर नव्हे, उत्पादनावर काम करत असतात आणि मध्ये थांबवलं तर त्यांची कमाई बुडते. ऑफिसातला सहकारी, घरमालक, दुकानदार यांपैकी कुणी पूर्व भागातलं निघतंच, त्यांना विचारा. आत गेल्यावर ओढणी, उपरणं, सैल बाही मागापासून लांब ठेवा. जेकॉर्डच्या छिद्रं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ वर फिरताना दिसेल. नक्षी त्या छिद्रांमुळे उमटते. आवाजामुळे तिथे काही ऐकू येत नाही, म्हणून प्रश्न बाहेर आल्यावर विचारा.

माहीतगार सर्वांत जास्त कुठे लागतो, तर हत्तरसंग कुडलला. भीमा आणि सीना यांच्या संगमावरचं हे ठिकाण सोलापूरहून सुमारे ४० किमी, विजापूर रस्त्याने जाऊन आत वळायचं. संगमेश्वर आणि हरिहरेश्वर ही दोन मंदिरं, ३५९ मुखं कोरलेलं शिवलिंग, आणि शके ९४० म्हणजे इ.स. १०१८ चा मराठीतला अतिशय जुना शिलालेख: "वाछि तो विजेयां होइवा", म्हणजे जो वाचेल तो विजयी होईल. एकटे गेलेले बरेच जण संगम पाहतात, मंदिरात नमस्कार करतात आणि लेख न पाहताच परततात. अक्षरं झिजलेली आहेत, समोरून पाहिली तर दगडात मिसळून जातात. गावातल्या जाणत्या माणसाला जागा दाखवायला सांगा आणि एक बॅटरी बरोबर न्या. प्रकाश समोरून न टाकता अगदी तिरका, दगडाला घासून टाकला की खाचांत सावली भरते आणि अक्षरं उठून दिसतात. पावसाळ्यात उजनीतून पाणी सोडलं की भीमा चढते, म्हणून त्या दिवसांत आधी चौकशी करा आणि नदीत उतरू नका.

विजापूर, म्हणजे आताचं विजयपूर, सुमारे १०० किमी. इथे गाइड घ्या, पण अर्ध्या दिवसाचा आणि निवडक. पहाटे पाचला निघून सात-साडेसातपर्यंत गोलघुमट गाठा. वरच्या सज्जात भिंतीशी कुजबुजलेलं समोरच्या टोकाला ऐकू येतं ते फक्त शांतता असताना; शाळांच्या सहली आल्या की नुसता कल्लोळ घुमतो. वर जायला कोपऱ्यातल्या मनोऱ्याचे अरुंद, उंच जिने आहेत, गुडघ्यांचा त्रास असलेल्यांना खालीच बसवा. या सज्जासाठी गाइडची गरज नाही. तो लागतो इब्राहिम रोज्यात, म्हणजे इब्राहिम आदिलशाहाच्या कबरीच्या वास्तूत, कारण तिथलं कोरीव लेखन आणि जाळीकाम समजावून दिल्याशिवाय नुसती नक्षी वाटते. मलिक-ए-मैदान तोफेपाशीही त्याचा उपयोग होतो. १५४९ मध्ये अहमदनगरला ओतलेली ही अजस्र तोफ. तिच्या तोंडाशी सिंहाच्या जबड्यात सापडलेला हत्ती आहे, तो बघायचा राहून जातो. गोलघुमट आणि रोजा शहराच्या दोन टोकांना आहेत आणि दोन्हींची तिकिटं वेगळी. १५ वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही. गोलघुमटासमोरचं संग्रहालय शुक्रवारी बंद असतं.

गाइड ठरवताना पाच गोष्टी बोलून घ्या: पर्यटन खात्याचं ओळखपत्र आहे का, मराठी किंवा हिंदी नीट येते का, नेमक्या कोणत्या वास्तू दाखवणार, एकूण पैसे किती (माणशी की गटाचे), आणि तिकीट-रिक्षा त्यात धरली आहे का. यातला शेवटचा प्रश्न विचारायचा राहतो आणि वाद तिथेच होतो. दुकानात नेण्याचा आग्रह झाला तर सुरुवातीलाच नको म्हणा.

गाडी करत असाल तर भाड्याची रचना समजून घ्या. बाहेरगावी गाडी काढताना बरेच गाडीवाले दिवसाला किमान ३०० किमी धरतात. विजापूर जाऊन-येऊन २०० किमी झाले तरी पैसे ३०० चेच लागतात. म्हणून परतीत कुडल जोडा. तेवढ्याच भाड्यात बसतं. चालकाचा भत्ता, टोल, पार्किंग वेगळे का ते विचारा आणि कर्नाटकाच्या हद्दीतल्या प्रवेशकराचा खर्च कोण भरणार हे लिहून घ्या. बसने जायचं तर सोलापूर स्टँडवरून कर्नाटकाच्या गाड्याही सुटतात, पण एसटीची सवलत राज्याच्या हद्दीपुरतीच चालते हे लक्षात ठेवा. होटगीमार्गे रेल्वेही आहे.

नळदुर्गला गाइड नको, वेळ हवी. बोरी नदीवर इब्राहिम आदिलशाहाच्या काळात, १६१३ मध्ये बांधलेल्या बंधाऱ्याच्या पोटात पाणीमहाल आहे. धरण भरून वाहू लागलं की नर आणि मादी हे दोन धबधबे पडतात. ते बहुधा ऑगस्ट-सप्टेंबरात, आणि पाऊस कमी झाला तर त्या वर्षी पडतच नाहीत. निघण्याआधी तिकडच्या कुणाला फोन करून पाणी वाहतंय का ते विचारा. ओल्या पायऱ्यांवर चप्पल घसरते, बूट घाला. उपली बुरूज चढायला जपून.

नान्नजच्या माळढोक अभयारण्यात वनखात्याची परवानगी आणि त्यांचाच माणूस घेऊन जावं. काळवीट दिसतात, सकाळी लवकर गेल्यास लांडगा-खोकडही दिसू शकतो. माळढोक आता अतिशय दुर्मिळ झाला आहे, त्यामुळे "नक्की दाखवतो" म्हणून पैसे मागणाऱ्याला नकार द्या. गाडीचा हॉर्न, भडक कपडे, पक्ष्याच्या मागे धावणं हे सगळं टाळा. माळावर तो पक्षी जमिनीवरच अंडी घालतो.

पाहुण्यांना एकच वेळ द्यायची असेल तर संक्रांतीची द्या. सिद्धेश्वरांच्या यात्रेत पहिल्या दिवशी नंदीध्वज, म्हणजे मानाच्या उंच काठ्या, ६८ लिंगांच्या तैलाभिषेकाला निघतात, दुसऱ्या दिवशी संमती कट्ट्यावर अक्षता सोहळा, म्हणजे सिद्धेश्वरांच्या विवाहाचा विधी होतो, तिसऱ्या दिवशी होम. पांढऱ्या बाराबंदीतले मानकरी आणि सात नंदीध्वज पाहायला बाळीवेशीपासून मंदिरापर्यंतच्या रस्त्यावर सकाळी लवकर जागा धरावी लागते, कारण तो भाग वाहनांना बंद होतो. त्या आठवड्यात लॉज भरलेले असतात, तेव्हा खोल्या डिसेंबरातच ठरवा. होम मैदानावरचा गड्डा, म्हणजे यात्रेची जत्रा, पुढे बरेच दिवस चालतो. गर्दी नको असणाऱ्यांनी तो नंतरच्या आठवड्यात पाहावा. हुरड्याचे दिवसही तेच, शेतावर बोलावणं आलं तर जा आणि येताना शेंगा चटणी, कडक भाकरी बांधून आणा.