परसबाग फळत नसेल तर आधी मुळाशी हात घाला

वांग्याची पाने पिवळी पडली की गावात दोनच सल्ले मिळतात: युरिया टाका, नाहीतर पाणी वाढवा. विदर्भाच्या काळ्या कन्हार मातीत या दोन्हींनी बहुतेक वेळा झाड आणखी खचते. म्हणून काहीही टाकण्याआधी तपासा.

आधी ऊन. दिवसाला सहा तास थेट ऊन मिळत नसेल, कडूनिंबाची सावली पडत असेल, तर जागाच बदला. सावलीवर खताचा उपाय नाही.

खरी गोम पाण्यात असते. तीन पावसाळे माझी वांगी श्रावणात माना टाकायची आणि मी आणखी पाणी द्यायची. चौथ्या वर्षी एक झाड उपटून पाहिले. मुळे तपकिरी, चिमटीत धरून ओढली तर साल निसटून हातात आली, आत नुसता दोरा उरला. मातीला मोरीच्या गाळासारखा वास. झाड गुदमरून मरत होते. काळी माती पाणी पिऊन फुगते, तिच्यातली हवा जाते, मुळे कुजतात. कुजलेल्या मुळांना पाणी ओढता येत नाही, म्हणून भर ओलीत झाड सुकते. दुपारी लोंबलेले झाड सकाळी ताठ दिसले तर चिंता नाही. सकाळीही लोंबलेले आणि माती ओली, तर पाणी त्याच दिवशी बंद करा.

खुरप्याने वीतभर खालची माती काढून मुठीत दाबा. गोळा झाला आणि छातीच्या उंचीवरून टाकल्यावर फुटला, तर वाफसा आहे, म्हणजे माती ना चिखल ना कोरडी. बोटांना चिकटली, तळहातावर वळून तिची दोरी झाली, तर वाफसा येईपर्यंत पाण्याला हात लावू नका. वरचा पापुद्रा सुकलेला पाहून तर मुळीच नको, तो फसवतो.

मग हातभर खड्डा पाण्याने भरा, जिरले की पुन्हा भरा. दुसरे पाणी रात्रभर तसेच राहिले तर सपाट वाफा सोडा. वीतभर उंच गादीवाफा करा, बाजूने नाली काढा. हे काम वाफशावरच करा; ओल्यात फावडे घातले की विटेसारखी ढेकळे होतात. "दोन टोपली रेती मिसळा" सांगणाऱ्याचे ऐकू नका, तेवढ्याने कन्हार माती मोकळी होत नाही. दरवर्षी कुजलेले शेणखत घाला. ताजे शेण नको, हुमणी (मुळे खाणारी अळी) येते.

कपडे धुतलेले पाणी वाफ्यात सोडू नका. त्यातला सोडियम माती घट्ट करतो. अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात तर बोअरचे पाणीच खारे, तिथे जपून द्या.

खालची जुनी पाने पिवळी पडत असतील आणि मुळे पांढरी, निरोगी असतील, तरच नत्र कमी समजा. शेंड्याची पाने पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर बहुधा लोह मिळत नाही. चुनखडीच्या जमिनीत असे होते, युरियाने जात नाही. भेंडीवर हळद्या, म्हणजे पाने पिवळी पाडणारा विषाणूरोग, दिसला की झाड उपटा. पांढरी माशी तो पसरवते. मिरचीच्या चुरडा-मुरड्याला (पाने आकसून वळतात) सुरुवातीलाच ५ टक्के निंबोळी अर्क फवारा, संध्याकाळी.

मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असताना टमाट्याची फुले गळतात ती उन्हानेच. तेव्हा फवारणीवर पैसे घालू नका. बुडाशी कुटार (मळणीचा भुसा) पसरा आणि दुपारपुरते जुने लुगडे वर बांधा.