घटत्या प्राणिसंख्येचं गणिती मॉडेल बांधताय? या चुका टाळा

मोजणीचा आकडा वर्षानुवर्षं तोच दिसला की ‘संख्या स्थिर’ असं लिहून मोकळं होणं, ही सगळ्यांत महाग चूक. समजा, जन्म-मृत्यूचा हिशेब करून दरवर्षी 100 चे 90 उरतात आणि बाहेरून 5 जण येतात. संख्या 5 ÷ (1 − 0.9), म्हणजे 50 च्या आसपास ठरते आणि तिथेच राहते. येणारे थांबले की 10 वर्षांत त्या 50 चे जेमतेम 17 उरतात.

माझ्याकडे तपासायला आलेल्या एका मॉडेलमध्ये नेमकं हेच होतं. पाणपक्ष्यांची वसाहत, सपाट आलेख, वाढीचा दर 1 धरलेला, म्हणजे दरवर्षी संख्या तेवढीच. निष्कर्ष काय, तर शेजारची पाणथळ जागा गेली तरी धोका नाही! मी पायात कडी घातलेल्या पक्ष्यांच्या नोंदी मागितल्या. त्या मॉडेल बांधणाऱ्यांकडेच पडून होत्या, कुणी उघडल्या नव्हत्या. वसाहतीतली पिल्लं मेलेल्यांची जागा भरून काढतच नव्हती. ती भरत होते शेजारून येणारे पक्षी. म्हणून इथले जन्म, इथले मृत्यू, आलेले आणि गेलेले हे चार रकाने भरल्याशिवाय मी समीकरणाला हात लावत नाही. नवख्यांना थेट कोड चालवायची घाई असते. या घाईची किंमत ते पक्षी मोजतात.

दुसरी चूक सरासरीची. चांगल्या वर्षी संख्या दुप्पट, वाईट वर्षी 0.4 पट, दोन्हींची शक्यता सारखी. सरासरी 1.2 येते आणि सगळे निर्धास्त होतात. पण वर्षांचा गुणाकार होतो, बेरीज नाही: 2 × 0.4 = 0.8, म्हणजे एका चांगल्या आणि एका वाईट वर्षानंतर 100 चे 80. असा एकटा समूह संपणारच. असेच दोन समूह दरवर्षी पूर्ण मिसळत असतील आणि दोन्हीकडची बरी-वाईट वर्षं एकमेकांवर अवलंबून नसतील, तर दीर्घकालीन वार्षिक दर 1.036 च्या जवळ जातो, म्हणजे संख्या हळूहळू वाढते. स्थलांतराची खरी ताकद ही. मात्र दुष्काळ दोन्हीकडे एकदमच पडत असेल, तर हा फायदा शून्य. त्यामुळे मी आधी दोन्हीकडच्या पावसाच्या नोंदी शेजारी ठेवून पाहतो.

निघालेला प्रत्येक प्राणी पोहोचतोच असं धरू नका. गेलेले मूळ समूहातून वजा करा. आकडेमोडीत 0.3 सारखा अपूर्णांकातला प्राणी जिवंत ठेवू नका.

आणि स्थलांतराचा दर कायमचा धरू नका. अमेरिकेतल्या आईल रॉयल बेटावर 1997 मध्ये गोठलेल्या पाण्याच्या बर्फावरून एक नर लांडगा आला, काही काळ कळप सावरला. पुढे त्याच्याच वंशात अंतःप्रजनन (जवळच्या नात्यातलं प्रजनन) वाढलं, बर्फाचे पूलही क्वचितच होऊ लागले, आणि 2016 मध्ये तिथे दोनच लांडगे उरले. 2018 पासून माणसांनी बाहेरून लांडगे आणून सोडले.