शाळेनंतरचा वाचन-लेखनाचा वर्ग कसा चालवावा

पहिली ते चौथीच्या मुलांसाठी वस्तीत किंवा चाळीत संध्याकाळचा वर्ग सुरू करताना पहिल्या दिवशी धडा काढू नये. आधी प्रत्येक मूल कोठवर वाचते ते पाहावे. एका कागदावर दहा सुटी अक्षरे, दहा सोपे शब्द, चार वाक्यांचा परिच्छेद आणि एक छोटी गोष्ट ठळक अक्षरांत लिहावी आणि मुलाला इतरांपासून थोडे दूर बसवून ती वाचायला सांगावी, कारण चारचौघांत अडखळलेले मूल पुढे कित्येक दिवस तोंड उघडत नाही. वाचन जेथे थांबते तोच त्याचा गट. इयत्ता विचारात घेऊ नये. १९९५ मध्ये मुंबईत काम सुरू केलेल्या ‘प्रथम’ संस्थेने पातळीनुसार गट करण्याची हीच पद्धत पुढे देशभर नेली.

महापालिकेच्या अनेक शाळा दोन सत्रांत भरतात, त्यामुळे दुपारच्या सत्रातली मुले घरी येऊन काही खाऊन येतील अशीच वेळ ठेवावी. एका शिक्षकाकडे बारा-पंधरापेक्षा जास्त मुले नकोत.

ज्यांना अक्षरे लागत नाहीत, त्यांच्याकडून संपूर्ण बाराखडी घोकून घेऊ नये. क, म, र, न, ल ही पाच अक्षरे आणि काना एवढ्यावर नाक, कान, मका, काम, रान, लाल, मामा असे शब्द तयार होतात, आणि पहिल्याच आठवड्यात आपण शब्द वाचला हे मुलाला कळते. हा आनंद फार मोलाचा आहे. इंग्रजी माध्यमातली मराठी मुले बोलतात उत्तम, पण त्यांची गाडी अक्षरापाशी अडते. त्यांना गोष्ट वाचून दाखवण्यापेक्षा अक्षरांचा सराव अधिक द्यावा. ‘चहा’ आणि ‘चमचा’ यांतल्या च चे उच्चार वेगळे आहेत, हे मात्र ऐकवूनच शिकवावे.

वाचनाचे साहित्य मुंबईत पावलोपावली आहे. लोकलच्या स्थानकांची नावे पुठ्ठ्यावर लिहून सोप्याकडून अवघडाकडे लावावीत: दादर आणि परळ आधी, मग अनुस्वारासाठी माटुंगा, रफारासाठी कुर्ला, आणि जोडाक्षरासाठी प्रभादेवी. मुलांनी ही नावे गाडीत हजारदा ऐकलेली असतात, म्हणून अर्थावर अडखळणे होत नाही आणि सारे लक्ष अक्षरांवर राहते. बेस्टच्या बसवरचे देवनागरी आकडेही असेच उपयोगी पडतात. पुढच्या गटासाठी बालभारतीची पाठ्यपुस्तके आणि ‘किशोर’ मासिक पुरेसे आहे.

लेखनाची सुरुवात फळ्यावरचे उतरवून घेण्याने करू नये. मुलाने सांगितलेले वाक्य, समजा ‘आज नळाला पाणी उशिरा आलं’, शिक्षकाने जसेच्या तसे लिहावे, मुलाने ते वाचावे आणि मग स्वतः लिहावे. ‘आलं’चे ‘आले’ करण्याची घाई नको. स्वतःचे बोलणे कागदावर पाहून मुलाला जी हिंमत येते, ती लाल शाईने घालवू नये. चुका एका वेळी एकाच प्रकारच्या दाखवाव्यात. उदाहरणार्थ, एक महिना फक्त शब्दाच्या शेवटचा इकार-उकार दीर्घ लिहिण्याचा नियम घ्यावा आणि ‘आणि’, ‘नि’ हे अपवाद सांगावेत.

दर महिन्याच्या अखेरीस तोच कागद नव्या मजकुराने तयार करून पुन्हा वाचून घ्यावा आणि पुढे गेलेल्या मुलाला त्याच दिवशी वरच्या गटात बसवावे.