गुरूवरच्या पुस्तकाचे परीक्षण कसे लिहावे

गोव्यात एखाद्या स्वामींच्या चरित्राचे परीक्षण लिहिणे अवघड जागेचे दुखणे आहे. लेखक ओळखीचा, मठ शेजाऱ्यांचा, आणि छापून आले की म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात एखादा शिष्य गाठतोच. म्हणून बहुतेक परीक्षणे ‘प्रत्येकाने संग्रही ठेवावे’ यावर आटोपतात.

पहिले वाचन सरळ करा, भक्त वाचतो तसे. दुसऱ्यांदा पेन्सिल घेऊन बसा. सुरुवात मनोगतापासून आणि प्रकाशकाच्या पानापासून. पुस्तक मठानेच काढले आहे का? लेखक गुरूंना भेटला होता की सगळे ऐकीव? घटना घडल्यावर किती वर्षांनी लिहिले? महिपतींचा संतचरित्रांचा ग्रंथ ‘भक्तिविजय’ 1762 चा, म्हणजे तुकोबांच्या निर्याणानंतर शंभरावर वर्षांनी झालेला. ‘नवनाथ भक्तिसार’ तर 1819 चा; नाथ त्याच्या कित्येक शतके आधीचे. असे ग्रंथ त्या त्या काळच्या भाविकांच्या मनातले संत दाखवतात. तेही मोलाचेच, फक्त ते इतिहास म्हणून उतरवून घेऊ नये.

खरी कसोटी चमत्काराच्या प्रकरणांत. समासात तीन अक्षरे टाकत चला: लेखकाने पाहिले तिथे ‘प’, नाव घेऊन कोणाकडून ऐकले तिथे ‘ऐ’, आणि सांगणाराच सापडत नाही तिथे ‘क’. समजा, पुस्तकात वाक्य आहे, ‘स्वामींनी हात वर करताच पाऊस थांबला.’ खूण ‘क’. परीक्षणात ते असे येईल: ‘स्वामींनी पाऊस थांबवल्याची कथा लेखक देतो, पण ती कोणाकडून मिळाली ते सांगत नाही.’ एवढे पुरे. चमत्कार झाला की नाही याचा निवाडा तुमच्याकडे कोणी मागितलेला नाही.

गुरूंनी स्वतः काही लिहिले असेल तर त्यातले थोडे तरी वाचाच. सोहिरोबानाथ आंबिये यांचे घ्या. मूळ घराणे पेडण्यातल्या पालयेचे, जन्म 1714 सालचा, बांद्याचा. रानात फणसाचे गरे खाताना गहिनीनाथ भेटल्याची आख्यायिका चरित्रकार रंगवून सांगतात. पण ‘हरिभजनावीण काळ घालवू नको रे’ म्हणणारा माणूस कळतो तो त्याच्या पदांतून. चरित्रात फणसच फणस आणि पदांचा विचार दोन पानांत उरकला असेल, तर ती उणीव स्पष्ट लिहा. पणजीत पाटोवरच्या कृष्णदास शामा ग्रंथालयात जुन्या पुस्तकांसाठी एक फेरी मारा.

गूढविद्येच्या पुस्तकांत आणखी एक गोष्ट तपासा: लेखक परिणामाचे कारण काय सांगतो? इथे आपला आबे फारिया उपयोगी पडतो. कांदोळीत 1756 साली जन्मलेल्या या पाद्रीने पॅरिसमध्ये माणसांना संमोहित करून दाखवले. त्या काळी चुंबकी द्रव अंगातून वाहतो असे मानणारे बरेच होते. फारियाने तो द्रव नाकारला. झोप येते ती झोपणाऱ्याच्याच मनाच्या तयारीमुळे, असे त्याने मांडले. आजच्या पुस्तकांत ‘ऊर्जा’ आणि ‘कंपने’ हे शब्द बरेचदा त्या द्रवाचेच काम करतात. कुठली ऊर्जा, हे लेखक सांगतो का ते पाहा. ‘हे गुरुगम्य आहे’ असे प्रामाणिकपणे म्हटलेले चालते. शास्त्राचा मुलामा चालत नाही. आणि श्वास रोखण्याच्या क्रिया पुस्तकात बघून घरी करू नका, परीक्षणासाठी तर मुळीच नको.

लिहायला बसल्यावर गुरू किती थोर यात शब्द घालवू नका. पुस्तक कसे आहे ते सांगा. एक चांगला उतारा जसाच्या तसा द्या, पृष्ठसंख्या आणि किंमत विसरू नका. मठाशी किंवा लेखकाशी तुमचा संबंध असेल तर तो पहिल्याच परिच्छेदात सांगून टाका. मजकूर पाठवण्याआधी त्या संप्रदायातल्या जाणत्याला वाचायला द्या. परंपरेच्या, तिथींच्या, नावांच्या चुका त्याने काढल्या तर दुरुस्त करा. ‘जरा गोड लिही रे’ म्हणाला तर चहा पाजा आणि मजकूर आहे तसा पाठवा.